तिला सांग

माझी थोरली जाऊ चंद्रकांता वारली, आणि त्यानंतर एकोणतीस दिवस मी तिच्याशी भांडत होते. ती वारल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात काचेच्या खोलीत पडले होते, हाताशी फोन होता, आणि राग आला की मी फोनवर बोलून तो वहिनीकडे पाठवून द्यायची. असे अकरा मेसेज मी पाठवले. अकराच्या अकरा ऐकले गेले. त्यांच्याखालच्या निळ्या खुणा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मी आशालता. वसईजवळच्या होळी गावात आमची वाडी आहे, केळी, अळू, थोडा चाफा आणि हंगामाची भाजी. गावात मी सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर कमी. वाडीत एका छपराखाली आमची दोन घरं. एकात मी आणि माझे यजमान जयवंत, दुसऱ्यात थोरले दीर तुळशीदास आणि वहिनी. दोन्हींच्या पुढे एकच ओटी. चुली वेगळ्या होऊन अठरा वर्षं झाली तरी भांडण मात्र आम्ही एकत्रच ठेवलं होतं. वाडीमागच्या बावखलावर, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, मोटर एकच. आज पाण्याची पाळी कोणाची, यावरून सकाळी जी सुरुवात व्हायची ती दुपारच्या चहाला थांबायची, कारण चहा आम्ही एकत्र घ्यायचो.

वहिनीला मूल झालं नाही. माझी ज्ञानदा तिनेच वाढवली. मी बालवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळत होते आणि ती घरी माझी पोर सांभाळत होती. हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

दिवाळी झाली आणि माझ्या दंडांवर काळेनिळे डाग उठायला लागले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या त्यात बरा होणारा आहे, पण पहिला महिना निभावला पाहिजे. प्लेटलेट इतक्या खाली गेल्या आहेत की मेंदूत रक्त उतरू शकतं, तेव्हा रागवायचं नाही, रडायचं नाही, शिंकायचं तेसुद्धा जपून. रागवायचं नाही हे ऐकल्यावर जयवंतने डॉक्टरांकडे फार केविलवाण्या चेहऱ्याने पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, उपचार तिथेच संपले.

माणसं किती उभी राहिली ते सांगायला हवं. प्लेटलेट द्यायला होळीतले सात जण आले. पलीकडच्या वाडीतली माझी मैत्रीण जुलियाना, तिने त्यांच्या चर्चच्या मंडळातून आणखी नऊ जण उभे केले. त्यातल्या काहींना त्यांच्या लहानपणी मी बालवाडीच्या कोपऱ्यात तोंड करून उभं केलेलं होतं. ते येऊन काचेपलीकडून हात हलवायचे आणि दंडावरची पट्टी दाखवायचे. आज माझ्या अंगात कोणाकोणाचं काय आहे ते देवच जाणे. ज्ञानदाने कामावरून बिनपगारी रजा घेतली आणि हॉस्पिटलजवळ एका खोलीत मुक्काम टाकला. जयवंत रोज वसईहून डबा घेऊन यायचा.

डबा वहिनीचा. पहाटे उठून ती माझ्यासाठी वेगळं शिजवायची, कमी तिखट, सगळं उकळून काढलेलं, भांडी दोनदा धुतलेली. दर मंगळवारी गावदेवीला जाऊन अंगारा आणायची आणि पुडी डब्याच्या पिशवीत घालायची. तो अंगाला लावायला बंदी होती, म्हणून ज्ञानदा काचेच्या आत उभी राहून मला नुसती पुडी दाखवायची आणि देवीच्या तसबिरीजवळ ठेवायची. प्लास्टिकमध्ये बांधलेली ती छोटी तसबीर डॉक्टरांनी चालवून घेतली होती. आणि रोज सकाळी सात वाजता वहिनीचा आवाज यायचा. तिचं माहेर कामणचं. इतकी वर्षं आमच्याकडे राहून तिच्या बोलण्यातलं गाव काही गेलं नव्हतं.

"उठलीस गो? पानी तापत ठेवलंय. आज भोपला घातलाय. टाकू नको."

मी उलट मेसेज करायची, भोपळ्याशिवाय वसईत दुसरं काही पिकत नाही का.

चौदाव्या दिवशी सकाळी मेसेज आला नाही. ज्ञानदा म्हणाली, काकीचा फोन बिघडलाय. ठीक आहे, म्हटलं. त्याच संध्याकाळी तसबीर दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, नर्सने निर्जंतुक करायला नेलीय. दुसऱ्या दिवशी जयवंत आला तो दाढी न करता. तिसऱ्या दिवशीही तसाच. हा माणूस लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी एक दिवस दाढी वाढलेली चालवून घेत नाही. मी त्याला म्हटलं, दाढी कर, मी अजून मेलेले नाही. तो हसला, म्हणजे मास्कवरचे डोळे त्याने बारीक केले आणि खिडकीकडे बघत राहिला.

डब्याची चव बदलली. डाळ घट्ट यायला लागली, तिला जिऱ्याची फोडणी नाही, भात वेगळ्याच तांदळाचा. मंगळवार आला आणि गेला, अंगारा आला नाही. तसबीर परत येत नव्हती. सकाळी हात जोडून काही म्हणायला लागले की ज्ञानदा म्हणायची, आई, नको, दम लागेल तुला.

हे सगळं आमच्याकडे कशाला म्हणतात ते मला कळायला हवं होतं. दहा दिवस देव बंद, देवळात जाणं बंद, पुरुषांची दाढी बंद, शेजारच्या घरातून शिजून येणारं अन्न. आमच्या कुळातलं कुठलंही पोर सांगेल की घरात सुतक आहे. मी सुतकातच होते आणि सुतक पाळतही होते, माझ्या नकळत ते माझ्याकडून पाळून घेतलं जात होतं. पण आजारी माणसाला सगळ्या जगात आपण एकटेच मरणार आहोत असं वाटतं. मी सरळ निष्कर्ष काढला की डॉक्टरांनी हात टेकले आहेत, आणि घरच्यांनी देवापुढे हात जोडायचंही सोडून दिलं आहे. जयवंतवर ओरडायला त्याचा चेहरा बघवत नव्हता. ज्ञानदावर ओरडले तर ती रडली असती. मग राहिली कोण? एकतीस वर्षं जिच्यावर ओरडत आले तीच.

पहिला मेसेज साधा होता. फोन बिघडलाय तर दुरुस्त कर, भाऊजींना म्हणावं जरा स्टेशनला जाऊन या. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे फोन चालू होता. उत्तर नाही. दुसऱ्यात मी डाळीबद्दल बोलले. जिरं संपलं असेल तर माझ्या घरातून ने, कुलूप काही लावलेलं नाही. तिसऱ्यात अंगाऱ्याबद्दल.

तिसऱ्यानंतर दुपारी तिच्या फोनवरून आवाजाचा मेसेज आला. सतरा सेकंदांचा. त्यात कोणी बोललंच नाही. नळ टपटपत होता, लांब कुठेतरी मोटर चालू होती, मग काहीतरी भांडं सरकल्यासारखा आवाज आणि मेसेज संपला. मला वाटलं रुसलीय, मुद्दाम बटण दाबून गप्प बसलीय. मी लगेच कळवलं की जीभ झडली असेल तर डॉक्टरला दाखव. दोन दिवसांनी आणखी एक आला, असाच, नुसत्या घराचा. असे एकूण चार आले. त्या खोलीत पडल्या पडल्या मी ते पुन्हा पुन्हा लावायची. आवाज आमच्याच घरातले होते, पण काहीतरी कमी होतं आणि काय ते समजत नव्हतं. ते ऐकताना अंगावर काटा यायचा. मी त्याचं खापर औषधांवर फोडलं.

नवव्या दिवशी, म्हणजे तिचा नववा दिवस, मला तेव्हा तो नुसता बुधवार होता, ताप चढला होता आणि तोंडात फोड आले होते. मी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "मी इथे मरायला टेकलेय आणि तुला चिमूटभर अंगारा पाठवता येत नाही. तुझ्या पोटचं कोणी नाही, तुला काय कळणार आजारपण. तू मेलीस तरी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

दहा मिनिटांत निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, त्या दिवशी नुसत्या घराचाही मेसेज नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र अंगाऱ्याची पुडी आली. ज्ञानदा ती हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली, द्यावी की न द्यावी अशी, आणि मग तिने मला दाखवली. पुडीचा कागद चर्चच्या पत्रिकेचा होता, त्यावर रविवारच्या मिसाच्या वेळा छापलेल्या. मी म्हटलं, वहिनीच्या घरात रद्दीसुद्धा उरली नाही वाटतं, जुलियानाकडून मागून आणलीन. पण बरं वाटलं. बोलले ते लागलं तिला, असं वाटून आणखीनच बरं वाटलं. तीन दिवसांनी तसबीरही परत आली आणि जयवंत गुळगुळीत दाढी करून आला.

चाळिसाव्या दिवशी मला सोडलं. रक्तात आता वाईट पेशी दिसत नाहीत, पुढचे डोस येऊन-जाऊन घ्या, म्हणाले. वाडीत माती आणि शेण, म्हणून आधी काही दिवस ज्ञानदाच्या विरारच्या फ्लॅटवर राहायचं ठरलं. पाचव्या मजल्यावर, सगळं फिनाइलने पुसलेलं. दोन दिवस माणसं येऊन दारातूनच बघून गेली. वहिनी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदा फरसबी मोडत बसली होती, जयवंत पेपर वाचत होता. मी म्हटलं, आता पुरे झालं, काकीला रिक्षा पाठवा, मी आधी बोलले तर तिचा मान राहील म्हणावं, मीच बोलते आधी.

ज्ञानदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने बाबांकडे पाहिलं. जयवंतने पेपरची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"आशा, वहिनी गेली," तो म्हणाला. "तू ॲडमिट झालीस त्याच्या चौदाव्या दिवशी. पहाटे तुझा डबा भरून ठेवला आणि जरा पडते म्हणाली. मग उठलीच नाही. हार्ट."

मी रडले नाही. रडण्याच्या आधी दुसरं काहीतरी आत आलं आणि त्याने जागा अडवली. मी विचारलं, तिचा फोन कोणाकडे आहे. जयवंत म्हणाला, दादाकडे.

त्या दिवशी मी दोघांनाही वाट्टेल ते बोलले. मला फसवलंत, मला तिचं तोंड बघू दिलं नाहीत. मग ज्ञानदाने सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लिहू शकते पण लिहिणार नाही. एवढंच लिहिते की काकीला पोचवून, वसईला आंघोळ करून, ती त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात माझ्याजवळ आली होती, आणि मी तिला अर्धा तास सांगत बसले होते की तुझी काकी फोन दुरुस्त करून घेत नाही, किती आळशी. तिला वाढवणारी बाई त्या पहाटे गेली होती. मास्क होता म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही. माझ्या प्लेटलेट तेव्हा आठ हजार होत्या. तिने स्वतःचं रडणं महिनाभर गिळलं म्हणून मी आज हे लिहायला आहे. यासाठी मुलीचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढंच जमलं.

दुपारी मी वहिनीचे जुने मेसेज काढून बसले. जिवंतपणीचे. कानात इअरफोन घालून. पानी तापत ठेवलंय, म्हणाली, मग थांबली. एक श्वास, दुसरा श्वास, तिसरा. आज भोपला घातलाय. परत थांबली. बाराव्या आणि तेराव्या दिवशीच्या मेसेजांत ती तीन शब्दांमागे थांबत होती. मी तेव्हाही हे ऐकलं होतं. चालता चालता बोलत असेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नव्हतं, मला डब्यात काय आहे ते ऐकायचं होतं.

मग ते चार मुके मेसेज लावले. इअरफोनमध्ये सगळं जवळ येतं. नळ, मोटर, भांडं. कमी काय होतं ते आता कळलं, तिच्या बांगड्यांचा आवाज. आणि दुसऱ्या मेसेजच्या शेवटी घसा खाकरल्याचा आवाज होता, पुरुषाचा. चौथ्यात त्याने तोंड उघडून काहीतरी म्हणायला सुरुवात केली होती आणि बटण सोडून दिलं होतं.

आता थोरल्या दिरांबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षांत मी भाऊजींशी एकदाही थेट बोललेले नाही. सासूबाईंचा दंडक होता, धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, त्यानेही तिच्याशी बोलायचं नाही. सासूबाई गेल्या, मी बालवाडीत पुरुष पालकांना झापत होते, तरी घरातली ही सवय काही गेली नाही. आमच्या मध्ये वहिनी असायची. भाऊजी ओटीवर बसून म्हणायचे, तिला विचार चहा घेणार का. मी चार हातांवर बसून ऐकत असायची. वहिनी माझ्याकडे वळून विचारायची, चहा घेनार का गो. मी म्हणायची, त्यांना सांगा अर्धा कप. तिने सांगितल्याशिवाय कोणी काही ऐकलं असं धरायचंच नाही. आणि ती सांगताना मधल्या मधे बदलायची. कालवणात मीठ फार झालंय तिला सांग, असं भाऊजी म्हणाले की ती मला सांगायची, आवडलंय त्यांना, फक्त मीठ सांभाळ म्हनतात. दोन्ही बाजूंना सगळं मऊ करून पोचायचं. आणि माझे अकरा मेसेज मात्र तिच्या हाताखालून न जाता थेट त्यांच्या कानात गेले होते. पोटचं कोणी नाही, हे त्यांनी तसंच्या तसं ऐकलं होतं.

दोन आठवड्यांनी मी होळीला आले. सगळा गाव भेटून गेला. ज्यांनी प्लेटलेट दिल्या, ज्यांनी जयवंतला स्टेशनवर सोडलं-आणलं, वहिनी गेल्यावर ज्यांनी पाळीपाळीने माझा डबा शिजवला, त्या सगळ्यांचे मी हात धरले आणि खरंच मनापासून धरले. घट्ट डाळ जुलियानाची होती. तिला मी म्हटलं, तुझ्या डाळीला नावं ठेवली गं मी. ती म्हणाली की तिला माहीत आहे, जयवंतने डाळीचंही सांगितलं होतं आणि अंगारा येत नाही म्हणून मी रागावलेय तेही, म्हणूनच ती अंगारा आणायला गेली. घरचे कोणी देवळात जाऊ शकत नव्हते. गुरवाने तिला विचारलं, कोणासाठी हवा, ती म्हणाली मैत्रिणीसाठी, त्याने दिला. सुतकातल्या बाईला अंगारा चालत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला तो लागू पडला, एवढं मी जाणते.

सगळ्यांचे आभार मानून झाले. एक दार राहिलं. ओटीवरून बारा पावलं. तीन दिवस मी ती बारा पावलं टाकली नाहीत. भाऊजी सकाळी वाडीत जायचे, दुपारी परत यायचे, आमच्याकडून जयवंत त्यांचं ताट घेऊन जायचा. दार उघडंच असायचं. आमच्या भिंतीपलीकडून कोणाचा आवाज यायचा नाही, आणि तरी दुपारी तीन वाजता, चहाच्या वेळेला, मी मान वर करायची. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. माझ्या डब्यांनी ती गेली का. आणि जे मी बोलले ते तुम्ही मनात ठेवणार आहात का. यांची उत्तरं मिळाल्याशिवाय मला बरं झाल्यासारखं वाटणारच नव्हतं, रक्ताचा रिपोर्ट काहीही म्हणो. आणि विचारायची कोणाकरवी?

चौथ्या दिवशी तीन वाजता मी उठले आणि गेले.

भाऊजी खाली बसून वालाचं बियाणं निवडत होते. मला उंबऱ्यात पाहून त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"अगो, आशा आलीय. तिला सांग, बस."

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तिथला ओटा कोरडा होता, भांडी पालथी होती, खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. पण ते इतक्या सहज म्हणाले, की मला ती आत आहे असं वाटलं. वाटलं म्हणजे, मी तिच्या बाहेर येण्याची वाट पाहिली. मग मी बसले, भाऊजींपासून चार हातांवर, आणि त्यांच्यासारखंच आत बघून म्हणाले, "वहिनी, भाऊजींना सांगा, मी नको ते बोलले. ते त्यांनी ऐकलं. मला माफ करा म्हणावं."

"तिला सांग, माफी कसली." ते बियाण्याकडे बघत बोलत होते. "तिला सांग, माणसं यायची, बसायची, सगळी हळू बोलायची. तुझं नाव घेताना आवाज खाली यायचा त्यांचा. हिचा एकटीचा आवाज चढा. मी फोन तुझ्या ओट्यावर ठेवायचा आणि हिचं बोलणं लावायचा. तेवढा वेळ घरात भांडण असायचं. मला बरं वाटायचं. एकेक मी दहादा लावलंय."

"पोटचं कोणी नाही, ते पण?"

हे मी कोणालाच उद्देशून बोलले नव्हते. त्यांनी एक किडका वाल वेचून बाजूला टाकला.

"ते एकदाच लावलं," ते आत बघून म्हणाले.

बाहेर मोटर चालू होती. मी पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, वहिनी, त्यांना विचारा, ते मेसेज पाठवायचे, त्यात काय सांगायचं होतं.

भाऊजींनी सूप बाजूला केलं. त्यांचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. ते बोलले ते तिच्याशीच बोलले.

"तुझ्या छातीत कळ यायची ते मला ठाऊक होतं. दोनदा आली. तू म्हणालीस, कोणाला बोलू नका, आशा घरी येऊ दे, मग दाखवू. मी ऐकलं तुझं. पहाटे तू डबा करताना मी जागाच असायचो, तू भिंतीला टेकून उभी राहायचीस ते बघायचो. आणि काही बोललो नाही. आमची आशा जगली पाहिजे, असं मलाही वाटत होतं. तिला सांग हे. मला जमेना सांगायला."

मी ऐकलं होतं. पण एकतीस वर्षांची सवय, मी थांबले. ती माझ्याकडे वळेल आणि हेच पुन्हा सांगेल, थोडं मऊ करून, ऐकवेल असं करून. भाऊजीही थांबले होते. ते आत बघत होते आणि मीही. बराच वेळ गेला. निरोप पोचत नव्हता. मला दिसत होतं की मी गप्प राहिले तर हा माणूस उद्या पुन्हा स्वयंपाकघराकडे तोंड करून हेच सांगेल, परवाही सांगेल, आणि तिला तिथे उभं राहावं लागेल. मला ती तिथे हवी होती. देवाशपथ, हवी होती.

मी त्यांच्याकडे वळले.

"ऐकलं मी, भाऊजी," मी म्हणाले. "तिचा दम मलाही ऐकू येत होता. मी रोज डबा मागत राहिले. तुम्ही दोघांनी मला जगवलंत, आणि मी तिला एकदाही बरं बोलले नाही."

एवढं बोलले आणि वहिनी गेली. जयवंतने सांगितलं तेव्हा गेली नव्हती, त्या मुक्या मेसेजांत गेली नव्हती, ती आत्ता गेली. मला मोठ्याने रडू फुटलं. सगळी वाडी ऐकेल असं रडले, डॉक्टरांनी बंदी घातलेलं. भाऊजींचे डोळे माझ्या तोंडावर होते. इतकी वर्षं एका ओटीवर राहून त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं.

माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. स्वयंपाकघराकडे मान वळायला लागली ती त्यांनी अर्ध्यात थांबवली.

"चहा घेतेस?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, अर्धा कप. आणि मग आम्ही दोघंही बसून राहिलो, कारण चहा करायला कोणीतरी उठायला हवं होतं.